गोधडीची चौथी बाजू

आपाच्या बोटांच्या टोकांतली जाणीव गेली, तेव्हा आमची गोधडी जेमतेम निम्मी झाली होती. केमो सुरू होऊन काही महिने झाले होते. सुई चिमटीत आहे की गळून पडली, हे तिला बघितल्याशिवाय कळेना.

"बोटांवर कुणी रबराच्या टोप्या चढवल्यात असं वाटतं गो," ती म्हणाली आणि कापड माझ्यापुढे धरलं. "पण टाका बघ. आहे ना सरळ?"

टाका सरळ नव्हता. मी म्हटलं, "आहे."

"खोटं बोलायला दिल्लीत शिकलीस, की येतानाच गावाहून बांधून आणलंस?"

आपा माझ्या नात्यातली नव्हती. दिल्लीतल्या एका सरकारी वसाहतीत ती तळमजल्यावर राहायची, मी तिच्या डोक्यावर. ती एका मंत्रालयात स्टेनो होती, मी दुसऱ्यात असिस्टंट. तिचे मिस्टर वारल्यावर घरात ती आणि तिची मुलगी, दोघीच. मुलगी मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होती. सकाळी कंपनीच्या बसने जायची, ती अंधार पडल्यावर परत.

आमची ओळख आयएनए मार्केटात, मासळीच्या गाळ्यापुढे झाली. मी वसाहतीत नवीन होते. गाळेवाल्याला विचारत होते, "भैया, भेटकी कैसी दी?" तेवढ्यात मागून मराठीत आवाज आला.

"जिताड्याला भेटकी म्हणतेस? आईने ऐकलं तर जेवायला घालायची नाही."

मी वळून विचारलं, "मी मराठी आहे हे कसं ओळखलंत?"

"हिंदीवरून. इतकं वाईट हिंदी एवढ्या ठसक्यात आपलीच माणसं बोलतात."

जिताडा अर्धा-अर्धा वाटून घेताना गावांची नावं निघाली. आम्ही दोघीही खाडीकाठच्या, आणि तेही एकाच खाडीच्या. आमच्या दोन गावांच्या मधून खाडीचा एक फाटा आत शिरतो. एका काठाला आमची भातशेती, दुसऱ्या काठाला तिच्या गावातली मुसलमान आणि कोळी घरं. ओहोटीला तिच्याकडच्या बायका चिखलात उतरून चिंबोऱ्या धरायच्या, खडकावरची कालवं फोडायच्या. लहानपणी मी त्यांना आमच्या बांधावरून बघितलेलं होतं. त्यांत कदाचित ती असेल. तेव्हा फाट्यापलीकडे बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती. बोलायला आम्हाला दिल्लीत यावं लागलं.

या फाट्याबद्दल थोडं सांगायला हवं.

मी सातवीत असताना उधाणाच्या भरतीने आमच्या गावाचा मातीचा बांध फुटला. बांधापुढचे तिवर, म्हणजे खारफुटीची झाडं, आमच्याच लोकांनी सरपणाला तोडले होते, त्यामुळे लाट थेट मातीवर येऊ लागली होती. सकाळची वेळ होती. मी शाळेत निघाले होते. आई कमरेइतक्या चिखलात उभी राहून मातीची घमेली पुढे देत होती, आणि तिच्यासमोर बांधाला पडलेलं खिंडार रुंद होत होतं. तिच्या तोंडावर रडू नव्हतं, राग नव्हता. ती फक्त पुढचं घमेलं मागत होती. दुपारपर्यंत आमचं शेत पाण्याखाली गेलं. त्यानंतर कित्येक वर्षं तिथे भात झालं नाही, नुसता पांढरा थर धरायचा. वडील मिठागरात मजुरीला जाऊ लागले. शेतात माझ्या हातांना काम उरलं नाही, म्हणून मी शाळेत राहिले. हायस्कूल, मग तालुक्याचं कॉलेज, मग दिल्लीची नोकरी. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. वडिलांचे, शिक्षकांचे, या नोकरीचे उपकार मी रोज मानते. पण त्या खाऱ्या पाण्याचे मानायला जीभ रेटत नाही.

बांध फुटल्यावर सरकारने फाट्याच्या तोंडावरच नवा बांध घातला आणि त्याला लोखंडी उघाडी बसवली. उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला ते उघडायचं, आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं. भरतीला ते बंद, खारं पाणी आत येत नाही. आमची शेतं हळूहळू गोडी झाली. गावाने नारळ फोडले.

पलीकडच्या काठावर काय झालं ते मला आपाने सांगितलं. भरतीचं पाणी येईनासं झालं आणि फाट्यातलं कांदळ, म्हणजे तिवरासारखीच खारफुटी, उभं वाळलं. कांदळाच्या मुळांत राहणाऱ्या चिंबोऱ्या गेल्या, मग निवट्यांची मासळी गेली. तिच्या आईने आणि गावातल्या बायकांनी ते कांदळ आपल्या हाताने लावलेलं होतं.

"पेन्सिलीसारखी लांब शेंग असते," ती सांगायची. "टोकदार बाजू चिखलात, बोथट वर. उलटी टोचली तर कुजते. दुसऱ्या ओहोटीला आई आम्हा पोरींना घेऊन बघायला जायची. उलटी दिसली की काढायची, धुवायची, परत लावायची. ओरडायची नाही. म्हणायची, हात चिखलात असला की डोळे चुकतात."

तिच्या गावातल्या बायकांनी आता पुन्हा शेंगा लावायला घेतल्या होत्या, तिची भावजय फोनवर सांगायची. पण बंद उघाडीच्या आत पाणीच फिरत नव्हतं. त्यांचं मागणं एवढंच होतं की आमच्या शेतांच्या कडेने आतला बांध उंच करावा आणि फाट्यात भरतीचं पाणी येऊ द्यावं. आमचं गाव तयार नव्हतं. नाही म्हणणाऱ्यांत माझा भाऊ पुढे होता.

गोधडीची सुरुवात एका प्रदर्शनामुळे झाली. किनाऱ्यावरच्या पाणथळ जागा वाचवण्यावर दिल्लीत कापडाचं प्रदर्शन भरणार होतं. ते भरवणाऱ्या मॅडमना दिल्लीत राहणाऱ्या, किनाऱ्याकडच्या बायका हव्या होत्या. माझ्या कार्यालयातल्या एका बंगाली सहकारी बाईंनी मला सांगितलं, मी आपाला सांगितलं.

"आपला फाटा करू," आपा म्हणाली. "पाणी आत आलेला. तिकडे होत नाही तर इथे तरी करू."

तिला ते खरंच हवं होतं. दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या सहलीला आम्ही पानिपतला, लढाईच्या स्मारकाशी, काला अंबला गेलो होतो, तिथे झाडाखाली डबे उघडल्यावर तिने मला पोटातल्या गाठीबद्दल सांगितलं. आधी थट्टा केली, "हरलो त्या जागी दरवर्षी बस करून येतो आणि पुऱ्या खातो, असे आपणच." मग पुरी बाजूला ठेवून म्हणाली, "डॉक्टरांनी गोल गोल सांगितलं. मी स्टेनो आहे, गोल गोलच लिहिते, मला कळलं. गोधडी पुरी व्हायला हवी गो. माझ्या हाताने."

कापडं घरातलीच घेतली. माझ्या आईच्या हिरव्या लुगड्याची शेतं. आपाच्या मिस्टरांच्या राखाडी सफारीचा चिखल. मुलीच्या शाळेच्या निळ्या युनिफॉर्मचं पाणी. बांधासाठी मी काळी पट्टी कापली, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

आपाने ती हातात घेऊन बघितली. "काळा घेतलास ते बरं केलंस. नजर लागायची नाही तुमच्या बांधाला."

"बांध नसता तर मी इथे नसते, आपा. उपाशी मेलो असतो."

"अच्छा? आणि बांध झाल्यावर आम्ही काय बिर्याणी खात होतो?"

मग दोघीही हसलो. असं भांडण आमच्यात वरचेवर व्हायचं, आणि प्रत्येक वेळी हसून संपायचंच असं नाही. एकदा ती म्हणाली, "तुझ्या भावाला सांग ना एकदा." मी तिच्यासमोरच फोन लावला. भाऊ ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, तू दिल्लीत बसून उघाडी उघडायला सांगतेस. शेतात पाणी शिरलं तर माती टाकायला येणार आहेस? आईची कंबर कशाने गेली, विसरलीस?" फोनचा आवाज मोठा होता. आपाने सगळं ऐकलं.

"चुकीचं नाही बोलला तो," ती म्हणाली. "पण तिकडे कांदळ मरतंय ते मरतंयच."

खरी गडबड शिवणीत झाली. माझी आई गोधडी शिवायची ती कडेपासून आत. थर नीट अंथरायचे, आधी चारी बाजू दुहेरी टाक्याने पक्क्या करायच्या, मग चौकोनामागून चौकोन घालत मध्यावर यायचं. "कड धरली की आत काय व्हायचं ते होऊ दे," असं ती म्हणायची. बांधावरच्या बाईचं शिवणकाम दुसरं कसं असणार. आपाकडची रीत अगदी उलटी. त्या मधून सुरू करायच्या आणि बाहेर बाहेर जायच्या. कापड सुईपुढे सरकतं, त्याला जायला वाट हवी, कडा शेवटी.

आम्ही हे बोललोच नाही. ज्याची त्याची रीत इतकी अंगात भिनलेली असते की ती सांगायची गोष्ट आहे असं वाटतच नाही. आपा केमोसाठी सरकारी रुग्णालयात दाखल होती, त्या दिवसांत मी चारी कडा बंद केल्या. आईसारखा बारीक टाका पडला म्हणून मला बरंही वाटलं. आपा घरी आली, बिछान्यात उशीला टेकून बसली, आणि तिने मधून शिवायला घेतलं.

टाका टाका करत कापड पुढे सरकायला लागलं, आणि बाहेर जायला वाट नव्हती. माझे टाके आत येत होते, तिचे बाहेर जात होते. दोघींच्या मधे निळं कापड गोळा होऊ लागलं. नेमकं फाट्याच्या तोंडाशी, काळ्या पट्टीला चिकटून, चांगला मुठीएवढा फुगवटा आला. दाबला की बाजूला सरकायचा, पण जायचा नाही.

आपाने त्यावर पालथा हात ठेवला. तळव्याला तिला अजून कळायचं.

"बघ," ती म्हणाली. "इथेही तुंबवलंस."

थट्टा नव्हती.

"एक बाजू उसव. खाडीकडची."

"आपा, प्रदर्शन जवळ आलंय. कड उसवली तर थर सरकतील. सगळं वाकडं होईल. थोडी चूण घालून दाबून टाकू, कुणाला कळणार नाही."

"मला कळेल."

"तुम्हाला बोटांनी सुई कळत नाही," मी बोलून गेले.

तिने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. बाहेर दिल्लीतली हिवाळ्याची धूळकट दुपार होती. समोरच्या गच्चीवर कुणी रजया वाळत घातल्या होत्या. "म्हणूनच घाई आहे," ती म्हणाली.

मी वर निघून गेले. ती कड मला उसववत नव्हती. आईचा टाका होता तो. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तिचं माझ्या हातात उरलेलं तेवढंच होतं. शिवाय खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. कापडच होतं, पण कडेला कात्री लावायची म्हटलं की डोळ्यांपुढे ते खिंडार यायचं, आणि पुढचं घमेलं मागणारी आई.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर खाली गेले तर आपाने ब्लेड घेऊन स्वतःच उसवायला सुरुवात केली होती. टाक्यांऐवजी दोन ठिकाणी बोटच कापलं होतं आणि तिला पत्ताही नव्हता. ती उसवतच होती. राखाडी सफारीवर आणि निळ्या कापडावर रक्ताचे डाग पसरले होते.

"आपा! रक्त येतंय."

तिने बोट डोळ्यांसमोर धरून परक्या वस्तूसारखं बघितलं. "हे कधी झालं?"

मी तिचं बोट बांधलं. मग ब्लेड घेतलं आणि खाडीकडची बाजू या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली. काळी पट्टीही मधोमध कापली, उघाडीच्या जागी. फुगवटा आम्ही दोघींनी तळव्याने हलके हलके बाहेर सारत नेला. निळं कापड फटीतून निघून कडेच्या बाहेर वीतभर जिभेसारखं आलं. गोधडी सपाट झाली.

"आता लाव," आपा म्हणाली. "नको, मीच लावते."

त्या बाहेर आलेल्या निळ्या-राखाडी पट्ट्यावर तिने कांदळाच्या शेंगा भरायला घेतल्या. मातकट हिरव्या दोऱ्याने एकेक लांबट शेंग, खाली टोकदार, वर बोथट. हाताला कळत नसल्यामुळे ती प्रत्येक टाका डोळ्यांनी घालायची. सुई वर आली का ते बघायचं, दोरा ओढला गेला का ते बघायचं. एका शेंगेला एक दुपार जायची. मी ऑफिसातून आले की "किती झाल्या?" असं विचारायचे नाही. ती दाखवायची.

शेवटी शेवटी तिची नजर गुंगलेली असायची. औषधांनी असेल. त्या दिवसांतल्या दोन-तीन शेंगा उलट्या पडल्या. टोक वर. मी बघितलं आणि बोलले नाही. तिच्या लक्षात आलं होतं का, मला माहीत नाही. तिने कापड घडी करून माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "ही बाजू शिवू नको हं. मॅडमना सांग, पाण्याची बाजू आहे."

"बिल्कुल नाही शिवणार."

गोधडी मी स्वतः नेऊन दिली आणि तसं सांगितलंही. त्याच आठवड्यात आपा गेली. बायका कबरस्तानात जात नाहीत, आम्ही घरात बसून राहिलो. तिच्या मुलीने माझा हात धरून ठेवला होता. पुरुष परत आले तेव्हा त्यांच्या बुटांना कोरडी पिवळी माती होती. मला खाडीचा चिखल आठवला, आणि मी दाराकडे बघायचं टाळलं.

प्रदर्शन सुरू झालं तेव्हा मुलीने कारखान्यातून सुट्टी घेतली. आम्ही दोघी गेलो. मोठी पांढरी भिंत, चांगला प्रकाश, बंगालकडचं, ओडिशाकडचं सुंदर सुंदर काम. आमची गोधडीही सुंदर दिसत होती. चारी बाजू सरळ. खाडीकडच्या बाजूला बारीक मशीनची शिवण होती. बाहेर आलेलं कापड मागे दुमडून, आत शिवून टाकलं होतं. शेंगा दिसत नव्हत्या.

मॅडम चांगल्या होत्या. माझे हात हातात घेऊन म्हणाल्या, "एक साइड खुली रह गई थी, तबीयत ठीक नहीं थी ना उनकी। हमने फ़िनिश करवा दी।"

मी सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं, किंवा पोचून हरवलं होतं. मुलगी शेजारी उभी होती. मी एवढंच म्हटलं, "वो खुली ही रखनी थी।" त्या कळवळून म्हणाल्या की आता मांडणी झाली आहे, काढताना बघू. लोक येत होते, बघत होते. एक गृहस्थ बांधाच्या काळ्या पट्टीकडे बोट दाखवून मुलाला म्हणाले, "देखो, ये दीवार समंदर को रोकती है।"

गोधडी परत आली तेव्हा उन्हाळा लागला होता. क्वार्टर आपाच्या नावावर होतं, ते सोडायची मुदत आली होती. मुलीने गुडगावला खोली घेतली होती. रविवारी सकाळी बांधाबांध चाललेली असताना ती गोधडी घेऊन वर आली.

"मावशी, ये खोल दें?"

आम्ही खिडकीशी बसलो. मशीनचा टाका बारीक असतो, ब्लेडने एकेक तोडावा लागला. दुमड उघडली. निळा पट्टा बाहेर आला, पण घडीची रेघ त्याच्यावर पक्की बसली होती. मी पाण्याचा हात फिरवला, दाबलं, गेली नाही. आतल्या बाजूला रक्ताचे डाग तपकिरी होऊन तसेच होते. ते तिने पहिल्यांदाच बघितले. बराच वेळ बघितले.

"अम्मीने कधी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"तिला कळलं नव्हतं. बोटांना."

मग तिने शेंगांवरून हात फिरवला. "हे काय आहे? मिर्ची?"

मी सांगितलं. तिच्या आजीने चिखलात लावलेलं कांदळ, उघाडी, भरतीचं पाणी. यातले निम्मे शब्द तिला माहीत नव्हते. दिल्लीत वाढलेल्या मुलीला कुठून माहीत असणार. भावाचा कालच फोन येऊन गेला होता, पण तिकडे काही बदललेलं नव्हतं. उघाडी बंद होती. पलीकडच्या बायकांनी लावलेलं कांदळ पिवळं पडत चाललं होतं. हेही मी तिला सांगितलं. लपवून काय उपयोग.

ती ऐकत होती आणि शेंगा बघत होती. शेवटच्या ओळीशी थांबली.

"ये वाले उल्टे हैं?"

"हो."

"राहू द्यायचे? अम्मीच्या हातचे आहेत."

मला क्षणभर राहू द्यावेसे वाटले. आईची कड उसवताना वाटलं होतं तसंच. मग आपाने सांगितलेलं आठवलं. दुसरी ओहोटी, बायका, चिखलात वाकलेल्या पोरी.

"उलटी शेंग कुजते," मी म्हटलं. "तुझी आजी काढून परत लावायची."

मी एक शेंग उसवून दाखवली. बाकीच्या तिने उसवल्या. आपाचा मातकट हिरवा दोरा तुटू न देता बाजूला काढून ठेवला. तोच दोरा सुईत ओवायला तिला बराच वेळ लागला, तिने कधी सुई धरलेली नव्हती. पहिला टाका घालायच्या आधी तिने माझ्याकडे बघितलं.

"सीधा कौन सा?"

मी तिचं बोट धरलं आणि शेजारच्या सरळ शेंगेवरून वरून खाली नेलं, टोकापर्यंत. टोक कुठे येतं ते तिच्या बोटाला कळलं. तिने मान हलवली आणि सुई खाली घातली.